‘खरा मी’ मुशीत सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्र लिहिणारे तिशीतले, सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळ घाटमाथ्यावरच्या एका गावचे. आजोबा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात केरळात गेले, त्रिशूरला दुकान टाकलं, वडिलांनी तेच चालवलं. यांचा जन्म, शाळा, कॉलेज सगळं तिकडचं. वडील गेल्यावर दुकान भावकीतल्या एकाच्या हाती देऊन हे आईला घेऊन गावी आले. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर चुलत्यांनी द्राक्षबाग लावली आहे, तिच्यात आता हे राबतात. तिकडे ते ‘सेठ’ होते, इकडे ‘केरळवाले’ आहेत. मित्रांशी मल्याळममध्ये बोलताना जो खट्याळ, बडबड्या माणूस असतो, तो चुलत्यांसमोर गायब होतो. मध्यंतरी ते एका शिबिराला जाऊन आले. तिथे पहाटे चारला उठवून, ‘तू देह नाहीस, नाव नाहीस, मन नाहीस’ असं सांगून तासन्‌तास बसवलं. तेव्हापासून आपण सगळं काचेपलीकडून बघतोय असं त्यांना वाटतं, आणि हे ज्ञान आहे की आजार ते उमजत नाही. शेवटी त्यांनी धंद्यातलीच उपमा दिली आहे : तेजाबात चांदी-तांबं विरघळतं आणि तळाला सोनं उरतं, तसं सगळं काढून टाकल्यावर उरणारा खरा मी कोणता?

मी आधी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असे, आता बरीच वर्षं सांगलीत समुपदेशन करते. त्यामुळे या पत्रात मला एक नाही, चार प्रश्न दिसतात. ते एकमेकांत गुंतलेत म्हणूनच त्यांचा इतका त्रास होतोय. त्यातला काचेचा प्रश्न आधी घेते. बाकीचं तत्त्वज्ञान महिनाभर थांबलं तरी बिघडत नाही, याचं बिघडतं.

आपण आपल्यापासून सुटे झालोय, स्वतःचा आवाज लांबून येतोय, हात आपले वाटत नाहीत, समोरचं जग सपाट दिसतंय, या अनुभवाला मानसशास्त्रात डीपर्सनलायझेशन म्हणतात. जग खोटं वाटायला लागलं तर त्याला डीरिअलायझेशन. दोन्ही बहुधा जोडीनं येतात. झोप मोडली, घरात मृत्यू झाला, भीतीचा झटका आला, गांजा ओढला, की धडधाकट माणसालाही हे थोडा वेळ होऊन जातं. तुमच्याकडे यातली दोन कारणं तर पत्रातच आहेत : वडील गेले, आणि शिबिरात झोपेचं खोबरं झालं. ‘असं वाटतं’ असं तुम्ही लिहिता, ही चांगली खूण आहे. वाटणं आणि असणं यातला फरक तुम्हाला कळतोय. तरीही हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सांगली-मिरजेत ती सोय आहे, आणि जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. तोवर डोळे मिटून बसणं बंद ठेवा. ‘मी मन नाही’ हे वाक्य घोळवणं तर अजिबात नको. पुरेशी झोप घ्या, वेळेवर जेवा, बागेतलं काम करा, आणि रोज कुणाशी तरी समोरासमोर बसून बोला.

हे ज्ञान असेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही, असं मला ठामपणे वाटतं. सज्जनगडावरच्या परंपरेतला ज्ञानी सावध असतो, व्यवहारात चोख असतो. सुन्न झालेला माणूस तिथे आदर्श म्हणून कुठे दिसत नाही. शिबिरवाल्यांबद्दल माझी तक्रार एवढीच की आलेला माणूस काय घेऊन आलाय, हे विचारायची तसदी बरेच जण घेत नाहीत. नुकताच बाप गेलेल्या मुलाला ‘तू कुणाचा कोण नाहीस’ हे सांगायची ती वेळ असते का?

आता दुसरा प्रश्न. त्रिशूरच्या शाळेत जाणारा मुलगा आणि विट्याच्या बाजारात फवारणीचं औषध घेणारा बाप्या हे एकच का? तत्त्वज्ञानात यावर खूप शाई सांडली आहे. इंग्लंडच्या जॉन लॉकनं सतराव्या शतकात म्हटलं की आठवण जिथवर पोचते तिथवर माणूस तोच. त्यावर पुढच्या शतकात टॉमस रीडनं एक नमुनेदार हरकत घेतली. फळं चोरल्याबद्दल मार खाल्लेला एक मुलगा मोठेपणी शूर अधिकारी झाला, म्हातारपणी सेनापती झाला. अधिकाऱ्याला तो मार आठवतो, सेनापतीला अधिकारीपण आठवतं, पण मार आठवत नाही. मग लॉकच्या हिशेबानं सेनापती तो मुलगा आहेही आणि नाहीही. डेव्हिड ह्यूमला तर आत डोकावल्यावर ‘मी’ नावाचं काही सापडलंच नाही. थंडी, ऊन, राग, लोभ यांची रांग तेवढी दिसली.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना मजा यायची, पण खरं वजन कशाला आहे ते मला समुपदेशनाच्या खोलीत कळलं. विस्मरणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांना घेऊन घरचे येतात. आई मुलालाही ओळखत नाही, पण दारात कुणी आलं की आधी ‘जेवलास का’ विचारते. घरचे म्हणतात, आई आहे अजून. आणि कधी उलटं असतं : आठवण शाबूत आहे, हिशेब तोंडपाठ आहेत, पण मायाळू माणूस एकाएकी निर्दय झालाय, लाज गेली आहे. तेव्हा बायको हळूच म्हणते, हे आमचे ते नव्हेत. नीना स्ट्रोमिंजर आणि शॉन निकोल्स या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. मेंदूच्या ऱ्हासाच्या वेगवेगळ्या आजारांत घरच्यांना रुग्ण ‘तोच’ वाटतो का, हे त्यांनी विचारलं. आठवण जाणाऱ्या अल्झायमरपेक्षा स्वभाव आणि नीती बिघडवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल आजारात ‘हा तो राहिला नाही’ ही भावना जास्त होती.

तुमच्यापुरता याचा अर्थ लावा. त्रिशूरमध्ये दुकानात आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही जसं वागवत होता, तसंच इथे बागेत छाटणीला आलेल्या मजुराला वागवत असाल, तर भाषा, कपडे, जेवण सगळं बदलूनही माणूस तोच आहे. आणि तिथे प्रामाणिक होता नि इथे वजनात मारत असाल, तर मात्र ‘मी बदललो का’ हा प्रश्न खरंच विचारण्यासारखा आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त बोचणारा, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. मल्याळममधला खट्याळ तुम्ही खरा, की चुलत्यांसमोर मान खाली घालणारा? यात एक गृहीत लपलंय : एक खरा असेल तर दुसरा सोंग असणार. ते गृहीतच मला मान्य नाही.

दोन भाषांत वाढलेल्या माणसांच्या आठवणींवर व्हियोरिका मारियन आणि उल्रिक नायसर यांचं २००० सालचं काम आहे. लहानपणी रशियन भाषेत वाढलेल्या आणि नंतर अमेरिकेत राहिलेल्या लोकांना त्यांनी दोन्ही भाषांत प्रश्न विचारले. रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलल्या जाणाऱ्या दिवसांतल्या आठवणी जास्त वर आल्या, इंग्रजीत विचारलं की इंग्रजीतल्या. म्हणजे भाषा ही आठवणींची किल्लीही असते. तुमच्या गावात ती मल्याळम किल्ली कुणाकडेच नाही. तो खट्याळ मुलगा मेलेला नाही, त्याला तिथे कुणी हाक मारत नाही, एवढंच. जुन्या मित्रांना आठवड्यातून एकदा फोन करा, अगदी भांडा त्यांच्याशी मल्याळममध्ये. आईलाही बोलतं करा. इतकी वर्षं तिकडे संसार केलेल्या बाईला भाजीवालीशी मल्याळममध्ये घासाघीस केल्याशिवाय चैन पडत नसेल. तुमच्या घरात हे दुःख एकट्याचं नाही, पण पत्रात आईबद्दल ‘आईला घेऊन आलो’ यापलीकडे एक ओळ नाही.

‘खरा मी’ म्हणताना आपण आणखी एक चलाखी करतो. जॉर्ज न्यूमन, पॉल ब्लूम आणि जोशुआ नोब यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं आढळलं की माणसाच्या ज्या बाजूला आपण चांगलं समजतो, तिलाच आपण त्याचं खरं रूप म्हणतो. ज्याची मूल्यं वेगळी, त्याला खरं रूपही वेगळं दिसतं. म्हणून गावातल्या मोठ्यांना तुमचा ‘खरा’ स्वभाव शेतात दिसणार, मित्रांना फिरण्यात, आणि शिबिरातल्या गुरुजींना आसनावर. जो तो आपल्या पसंतीला तुमचं सत्य म्हणतोय. तुम्हीही तेच करताय, फक्त तुमची पसंती अजून ठरलेली नाही.

ती न ठरणं हा आजार नव्हे. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ ही कल्पना ज्यांनी रूढ केली, त्या एरिक एरिक्सन यांचंच बघा. आई डॅनिश ज्यू, जन्म जर्मनीत, जन्मदाता बाप कोण ते कधी कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव लागलं. ज्यू मुलं त्यांना गोऱ्या-घाऱ्या रूपावरून परका म्हणत, शाळेतली जर्मन मुलं ज्यू म्हणून चिडवत. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी स्वतःच स्वतःला ‘एरिक्सन’ हे आडनाव दिलं. तिकडचा सेठ आणि इकडचा केरळवाला यांना हे वाचून जरा धीर यावा. एरिक्सन यांचं काम पुढे नेणाऱ्या जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये चार अवस्था सांगितल्या. काहींनी शोधही घेतलेला नसतो आणि काही ठरवलेलंही नसतं. काहींनी शोध न घेता घरचं आहे तसं उचललेलं असतं. काही जण शोधात अडकलेले असतात आणि काही शोधून ठरवून मोकळे झालेले असतात. गलाईच्या घरांत दुसरी अवस्था सर्रास असते. मिसरूड फुटायच्या आत पोरगं दुकानात बसतं, मूस धरायला शिकतं आणि ‘आपण कोण’ हा प्रश्न पडायच्या आधीच त्याचं उत्तर अंगावर चढलेलं असतं. तुमचं ते चढलेलं उत्तर वडिलांबरोबर गेलं. आता तुम्ही तिसऱ्या अवस्थेत आहात. ती अस्वस्थच असते. पण जे कधीच तिच्यातून गेले नाहीत त्यांच्यापैकी काही जण साठीला, दुकान मुलाच्या हाती गेल्यावर, माझ्यासमोर येऊन बसतात.

चौथा प्रश्न स्वरूपाचा, म्हणजे आपण मुळात कोण याचा, आणि इथे तुमची सोन्याची उपमा कामाला घेते. तुम्ही धंद्यातले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. दागिन्याचं सोनं तसंच तेजाबात टाकलं तर ते नीट शुद्ध होत नाही, कारण सोनं जास्त असलं की ते आतली चांदी धरून ठेवतं, तेजाब आत शिरत नाही. आधी त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवावं लागतं. म्हणजे शुद्ध करायच्या आधी भेसळ वाढवावी लागते! तसंच माणसाचं. ज्याची ओळख अजून पुरती घडलेली नाही, नाती बसलेली नाहीत, कामावर हात बसलेला नाही, त्यानं ‘मी हे नाही, मी ते नाही’ असं तेजाब ओतलं तर हाती काही लागत नाही, नुसता धूर होतो. ‘आधीं प्रपंच करावा नेटका । मग घ्यावें परमार्थविवेका’ असं दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या सुरुवातीलाच येतं. त्याला कुणी संसारी लोकांसाठी दिलेली सवलत समजतात. मला तो क्रम वाटतो.

पण उपमेचं दुसरं टोक तुटतं, आणि माझ्या मते तुमचा सगळा घोळ तिथे आहे. तुम्ही समजता की सगळं विरघळल्यावर तळाला एक चकचकीत ‘खरा मी’ सापडेल : त्याचा स्वभाव ठरलेला असेल, तो मराठी की मल्याळी हे कळेल, बाग करायची की दुकान हेही तो सांगेल. असा कुणी तळाला नसतो. तेजाबातून निघालेलं सोनंसुद्धा आधी तपकिरी भुकटीच असते, हे राहू द्या. मुद्दा असा की तेजाब ओतणारा, भुकटी बघणारा, तोलणारा माणूस मुशीत नसतोच. वेदान्त ज्याला साक्षी म्हणतो तो हा बघणारा. डोळ्याला रूप दिसतं, डोळा मंद झालाय की तेज आहे हे मनाला कळतं, आणि मन आज चिडलंय की शांत आहे हेही कशाला तरी कळतं. जे कळणारं आहे ते कळलेल्या वस्तूंच्या यादीत घालता येत नाही. रामदास पाचव्या दशकात, शुद्ध ज्ञानाच्या समासात, एवढंच म्हणतात : ‘पाहावें आपणासि आपण । या नांव ज्ञान’. पिंड आणि ब्रह्मांडातली एकेक तत्त्वं वेगळी काढायची त्यांची पद्धतही त्यासाठीच आहे.

साक्षीला गाव नसतं, भाषा नसते. म्हणून ‘विटा की त्रिशूर’ या प्रश्नाचं उत्तर तो देऊ शकत नाही. तो प्रश्न त्याच्या खात्यातलाच नाही. आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यात उमदी आहे. तिथले भाऊसाहेब महाराज ज्या इंचगिरी संप्रदायाचे, त्याच परंपरेत पुढे सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज झाले. निसर्गदत्त (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचं दुकान चालवत. ‘मी अमुक आहे’ यातलं अमुक सोडून नुसत्या ‘मी आहे’ या जाणिवेत राहा, असं ते सांगत. पण त्या जाणिवेला विडीचा भाव किंवा दुकानाची जागा त्यांनी विचारली नसणार. ते हिशेब हिशेबाच्या जागीच होत असणार.

बुद्धाची शिकवण इथे वेगळी वाट धरते, हेही सांगायला हवं. तिथे साक्षीलाही ‘मी’ म्हणून धरून ठेवत नाहीत. शरीर, संवेदना, जाणीव अशा ज्या पाच घटकांचा माणूस बनतो त्या पाच स्कंधांपलीकडे टिकाऊ आत्मा मानत नाहीत. तुमच्या शिबिरात या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या गेल्यात असं पत्रावरून दिसतं : सकाळी ‘तू साक्षी आहेस’, संध्याकाळी ‘कुणीच नाहीस’. दोन्ही दर्शनं आपापल्या जागी भक्कम आहेत, शेकडो वर्षं घासून तयार झालेली आहेत. त्यांची खिचडी मात्र पचत नाही. एक वाट धरा, आणि तीही काच उतरल्यावर.

आता करायचं काय. रोज रात्री आत्मपरीक्षण करू नका. हा सल्ला विचित्र वाटेल, पण ‘मी असं का वागलो’ हा प्रश्न स्वतःला विचारला की मन एक झकास कारण रचून देतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की आपल्या वागण्याची कारणं माणसं ठामपणे सांगतात आणि तीच पुष्कळदा चुकीची असतात. त्याऐवजी वहीत फक्त घडलेलं लिहा. आज कुणाला शब्द दिला, कोणता पाळला, कुठे तोंड चुकवलं, कशात वेळ गेल्याचं कळलं नाही. कारणं नकोत. चारेक आठवड्यांनी मागची पानं उलटा. आत कितीही डोकावून जे दिसणार नाही, ते तिथे दिसेल.

दुसरं, चुलत्यांशी बोला. आजोबा गाव सोडून का गेले, कुणाच्या हाताखाली शिकले, पहिल्या वर्षी घरी काय पाठवलं. घाटमाथ्याच्या दुष्काळानं किती घरं गलाईला लावली हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या घराची गोष्ट क्वचितच कुणी नीट विचारतं. चुलते गप्प वाटतात, पण त्यांच्या नजरेतून बघा. भाऊ तिकडे गेला, हे इथे कोरड्या रानात राहिले, आणि आता भावाचा मुलगा परत येऊन ‘मी नेमका कोण’ म्हणतोय. त्यांनाही त्या प्रश्नात स्वतःवरचा ठपका ऐकू येत असेल.

आणि बाग ठेवायची की परत जायचं, हा निर्णय ‘खऱ्या मी’वर सोपवू नका. त्याला पाण्याचं आवर्तन, औषधांचा खर्च, बेदाण्याचा भाव, आईची तब्येत आणि चुलत्यांशी वाटणीचा करार या गोष्टी विचारा. येत्या ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत एक पूर्ण हंगाम करून बघा, आणि तेवढ्या काळात त्रिशूरच्या दुकानातली आपली भागीदारी कागदावर जिवंत ठेवा. दोन्ही दारं उघडी ठेवली म्हणजे तुम्ही अर्धवट झालात असं होत नाही. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर तेच केलं असणार, गावची यात्रा चुकवली नसेल आणि दुकानही.

काच पूर्ण उतरली, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तर मग बसायला सुरुवात करा. दहा मिनिटं, डोळे अर्धे उघडे ठेवून, आणि ज्याला तुमच्या घरची परिस्थिती माहीत आहे अशा जाणत्या माणसाच्या नजरेखाली. त्याआधी डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. चुलत्यांशी बोलायला मात्र त्यांची परवानगी लागत नाही, ते या आठवड्यात करा.